ओट्याचं माप

"पडदा खोटं बोलस, भो," असं म्हणत आप्पा माझ्या हाताखालचा माउस काढून घ्यायचे. मग चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकायचे. शहाद्यातल्या आमच्या फलक आणि कोरीवकामाच्या दुकानात तुम्ही कधी आला असाल, तर हा वाकलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल.

आप्पा कळसाडीचे. सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. घरी करमत नाही म्हणून सकाळच्या एसटीनं यायचे. सगळी हयात काळ्या शाईनं नकाशे काढण्यात गेलेली. संगणकावर नकाशे काढायचं कॅड शिकले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, पण शिकले ते मुळापासून.

इंजिनियर लोकांच्या कॅड फायली आमच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की हमखास घोळ व्हायचा. दारावरची पाटी काड्यापेटीएवढी यायची, नाहीतर बटणाएवढी वस्तू भिंतीएवढी. मी कोपरा धरून ताणायला लागलो की आप्पा म्हणायचे, "थांब. एक खरं माप सांग. कोणतंबी एक." तेवढं मिळालं की त्या एका रेघेवरून ते सगळी आकृती ठिकाणावर आणायचे.

एकदा दहा सेंटिमीटरचा चौकोन काही केल्या जरासा मोठाच भरत होता. माझी अर्धी सकाळ त्यात गेली. आप्पा हसले. "रेघले बी जाडी ऱ्हास. तिले मापमा धरू नको." सॉफ्टवेअर रेघेची जाडीही मापात मोजत होतं. त्यांनी सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढून टाकली आणि आकडा बरोबर आला.

मग एक दिवस पुनर्वसन वसाहतीतल्या शाळेचे गुरुजी आले. नर्मदाकाठचं त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. जुन्या नकाशावरून कुणाकडून तरी कॅडची फाइल करून आणली होती. तो नकाशा लाकडावर कोरून शाळेच्या भिंतीवर लावायचा होता. "पोरांनी गाव पाहिलेलंच नाही," गुरुजी म्हणाले.

फाइल उघडली तर अख्खं गाव नखाएवढं. आप्पा अजून यायचे होते. मी कोपरा धरला आणि फळीच्या आकारात बसेल असं गाव ताणलं. गुरुजी खूश. तेवढ्यात आप्पा आले, पडद्याकडे पाहिलं आणि उभेच राहिले.

"हाई खळं अंडासारखं कसं व्हयनं? गोल व्हतं ते."

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"मीच मोजेल शे."

बुडणाऱ्या घरांची मोजणी झाली तेव्हा टेप धरायला गेलेल्यांत ते होते. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझं ताणलेलं गाव पुसलं, फाइल नव्यानं उघडली, खळ्याचं माप आठवणीतून घातलं. गाव सरळ झालं. फळी मात्र लांब घ्यावी लागली.

कोरण्याआधी कागदावर छापून पाहिलं. गुरुजी त्यांच्या मावशीला घेऊन आले. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी बाई, आमच्याशी तुटक मराठीत बोलली. बराच वेळ कागदावर बोट फिरवून म्हणाली, "भिंती बरोबर. दारापुढचा ओटा कुठं गेला?"

आप्पांनी मान खाली घातली. "बाई, ओटा धरू नका, असं आम्हाला वरून सांगितलं होतं. घर म्हणजे भिंती."

"आम्ही तर ओट्यावरच राहायचो," ती म्हणाली. "माझी आई तिथंच गेली."

मग आप्पांनी विचारलं, "केवढा होता?"

तिनं चपला काढल्या. दुकानाच्या फरशीवर टाचेला अंगठा लावत पावलं टाकू लागली, मधे थांबून काही आठवत, पुन्हा पुढे. सत्तरीला आलेले आप्पा गुडघ्यांवर बसून तिच्या मागोमाग टेप सरकवत गेले. तिचं शेवटचं पाऊल टेकलं तेव्हा त्यांनी माप मोठ्यानं वाचलं.

पुढचा आठवडाभर वसाहतीतली माणसं येत राहिली. कुणी ओटा सांगितला, कुणी गुरांचा गोठा, कुणी मोहाचं झाड. आप्पांनी प्रत्येकाची रेघ काढली.

नकाशा गेल्यावर ते एकदा म्हणाले, "तठे मी मोजाले गयथू, भेटाले कव्हयच नही. एकदाव बोटमा बसीसन तठे जाऊत." मी हो म्हटलं. आधी दिवाळीचं काम होतं, मग लग्नसराईचं. उन्हाळ्यात त्यांना झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. सकाळची एसटी आली आणि ते उतरले नाहीत.

आता फायली मीच ठिकाणावर आणतो. जमतं. पण आकडा बरोबर आला की मान आपोआप मागे वळते.

गेल्या हिवाळ्यात गुरुजींबरोबर बोटीतून त्या बुडालेल्या गावावर गेलो. मधेच नावाड्यानं इंजिन बंद केलं. "इथं खाली मावशीचं घर," गुरुजी म्हणाले. मी वाकून पाहिलं. हिरवं पाणी, दुसरं काही नाही. "किती खोल असेल?" मी विचारलं. गुरुजींना माहीत नव्हतं. बोट हळूहळू बाजूला सरकत गेली, आणि थोड्या वेळानं घर नेमकं कुठं होतं तेही सांगता येईना.