काशादादा आणि आमचं धुराडं

काशादादा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघत. वासे, कौलं, भिंतीवरचे ओघळ डोळ्यांखालून घातले की विचारत, "हे कोनी केलं?" उत्तर काहीही दिलं तरी त्यांना ते पटत नसे. सत्तरीचे, काटक, खाडीकडच्या गावातले गवंडी. सिमेंटची गोणी स्वतः उघडून, चिमूटभर तळहातावर चोळल्याशिवाय कामाला हात लावायचे नाहीत. "दुकानदार चांगला असंल. पन गोनी त्यानं कुठं भरलीय?"

मनवेलपाड्याचा फ्लॅट विकून आम्ही निर्मळ गावी जुनं कौलारू घर घेतलं, तेव्हा गळणारी कौलं बदलायला ते आले. स्वयंपाकघरात पूर्वीच्या चुलीचं विटांचं धुराडं होतं. चूल कधीच गेली होती. शेजारच्या न्हाणीत आम्ही गॅसचा गिझर बसवला आणि फिटरने त्याची नळी भिंतीतून त्या धुराड्यात सोडली. त्यानंतर आईचं डोकं रोज सकाळी दुखू लागलं. एकदा तर आंघोळ करून आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली.

हे मी सहज बोलले, तसे काशादादा शिडीवरून उतरले. देवघरातली उदबत्ती मागून घेतली आणि धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर जायच्याऐवजी त्यांच्याच तोंडावर आला.

"कोनीतरी वरून तोंड बांधलंय, वहिनी," ते हळूच म्हणाले. त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून माझ्या हातात दिला. "गिझरचा जळका वायू घरातच ऱ्हातोय. मी सांगेपर्यंत तो पेटवायचा नाय."

माझे यजमान सुहास वैतागले. "काम वाढवायचा धंदा आहे हा," ते मला आत येऊन म्हणाले. फिटरला फोन केला, तर तो म्हणाला, म्हातारा उगाच घाबरवतोय. काशादादांचा संशय मात्र शेजारच्या केळीच्या वाडीतल्या वसंतरावांवर. "घर रिकामं होतं तवा त्यांचीच मानसं कौलांवर चढायची. तुमची जागा त्यांना हवी होती." पुरावा काही नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी वसंतरावांच्या घरून केळफूल आलं, तेव्हा मी ते ठेवून घेतलं आणि शिजवलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या सकाळी काशादादांनी धुराड्यावरची कौलं काढली. मी अंगणात उभी होते. काय दिसतंय म्हणून मी हाक मारली.

"लादी बसवलीय," ते म्हणाले. "सिमेंटनं. कडेला थापीनं मारलेली तीन बोटं हायत, खुणेची." मग म्हणाले, "अशी मीच मारतो."

आधीच्या मालकांनी चूल बंद केली, तेव्हा धुराड्यातून पावसाचं पाणी उतरायचं. त्यांनी सांगितलं म्हणून काशादादांनीच तोंड बंद करून वर कौलं चढवली होती, आणि ते विसरूनही गेले होते. खाली येऊन त्यांनी हे सगळं सुहासना सांगितलं. मग तसेच सिमेंटच्या हातांनी वसंतरावांकडे गेले. "मी तुमच्यावर आळ घेतला होता," म्हणाले. वसंतरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी हात धुवायला पाणी दिलं.

गिझरची नळी काशादादांनी न्हाणीच्या भिंतीतून थेट बाहेर काढायला लावली. आईचं डोकं दुखायचं थांबलं. ते मात्र शांत झाले नाहीत. आपण कुठली कुठली धुराडी बुजवली ते आठवत सायकलवरून घरोघर फिरू लागले. लोकांना वाटायचं, काम मिळत नाही म्हणून म्हातारा दारं ठोठावतोय. कुणी हाकललं, कुणी आतूनच नाही म्हणून सांगितलं. वाघोलीच्या एका घरात मात्र अगदी आमच्यासारखीच, बुजवलेल्या धुराड्यात सोडलेली नळी निघाली.

मागच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "एक ऱ्हायलं, वहिनी. भुईगावला. दारात फरसबंद विहीर हाय. नाव आठवत नाय." आठवड्याभरात ते गेले.

ते घर शोधायला मला तीन रविवार लागले. जाळीच्या दारामागून एका बाईंनी मला न्याहाळलं. कुठून आले, कुणी पाठवलं, काही विकायचंय का, सगळं विचारलं. मी धुराड्याचं सांगू लागले, तशी त्यांची नजर आणखी बारीक झाली. म्हणाल्या, "त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

मला काहीच कळत नव्हतं, हे खरंच होतं. मी तसं सांगितलं आणि तिथेच उन्हात उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी आत वळून मुलाला हाक मारली, "शिडी आण रे. बघून तरी घे."