बाबांनी सायकल सोडवली

माझ्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान स्प्रिंट मी तर्री-पोह्यांच्या पातेल्याच्या दिशेने मारलेला आहे. (मी राज्य स्पर्धेत उतरणारी सायकलपटू आहे, हे इथेच सांगून ठेवते, पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.)

वर्ध्यात सायकल कंपन्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या ओळखीचे सायकलविक्रेते गट्टूशेठ यांनी मला त्यांच्या स्टॉलवर उभं केलं. उभं कसलं, बसवलं! मागचं चाक लोखंडी चौकटीत आवळलेल्या एका महागड्या रेसिंग सायकलवर बसायचं आणि जागच्या जागी पायडल मारत राहायचं, एवढंच काम. मोबदल्यात राज्य स्पर्धेसाठी तीच सायकल मला वापरायला मिळणार होती! माझ्या जुन्या सायकलवर पहिल्या दहांत येणंही कठीण होतं, त्यामुळे मी हुरळूनच गेले.

"पण ध्यानात ठेवजो," गट्टूशेठ म्हणाले, "सायकलले एक जरी ओरखडा दिसला, तर स्पर्धेले आपली जुनीच घेऊन जाजो!"

सकाळी दहाला बसले. बूट पायडलात खटकन अडकवलेले, मान खाली, पाय गरगर. सेवाग्रामहून आलेल्या एक आजी समोर खुर्ची टाकूनच बसल्या. शेवटी त्यांना राहवेना.

"मेहनती पोरगी हाय वं," त्या शेजारणीला म्हणाल्या, "पण दोन घंट्यापासून पाहून राह्यली, पोहोचली कुठंच नाई!"

दुपारी आईचा फोन आला. "काऊन वं, जेवाले नाई आली?"

"कशी येऊ? सायकलवर फसली आहो ना मी! उतरताच येऊन नाई राह्यलं."

गर्दी आहे, उठता येत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण आईने अंगणात हाक मारली, "अवो, पोरगी सायकलवर फसली!" आता आमचे बाबा म्हणजे शेतातली मोटर स्वतः खोलणारा माणूस. कुठलीही वस्तू फसली, म्हणजे अडकली, की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो! खिशात पाना, हातात पक्कड आणि स्कूटर थेट आमच्या बोरगाव मेघेच्या घरून प्रदर्शनात.

नेमके तेव्हाच गट्टूशेठ माइकवर ओरडत होते, "पाहा मंडळी, पन्नासचा स्पीड!" मी जीव तोडून पायडल मारत होते. मागे काहीतरी खुडबुडलं. वळून बघते तर चौकटीमागे बाबा रांगताहेत!

"बाबा, नका करू!"

"थांब माय, घाबरू नको! झालंच!"

खट्!

फसलेली सायकल सुटली. मी स्टॉलमधून सुसाट बाहेर! फुगे फुटले, माहितीपत्रकं उडाली, आजींनी खुर्चीतच पाय वर घेतले. "चालली वं, चालली!" असं त्या आनंदाने ओरडल्याचं मला स्पष्ट आठवतं. समोर पोह्यांचं दुकान, लाल तर्रीचं, म्हणजे झणझणीत रश्श्याचं पातेलं आणि पातेल्यामागे डोळे मिटून उभा पोहेवाला. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल पातेल्यापासून चार बोटांवर थांबली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हसून हात वर केला. आणि तेव्हा लक्षात आलं, की बूट अजून पायडलातच आहेत.

थांबलेल्या सायकलवर पाय टेकता आला नाही, की माणूस फार सावकाश पडतो. सगळ्यांना नीट बघता येईल इतकं सावकाश! मी डावीकडे कलत होते, बाबा धावत येत होते. मला भरून आलं. बाप तो बापच! ऐन क्षणी माझे बूट सुटले, बाबांनी झेप घेतली आणि अलगद झेललं... सायकलीला. मी पोह्यांच्या परातीत.

गट्टूशेठनी सायकल इंचाइंचाने तपासली. ओरखडा नाही! लगेच माइक घेतला, "पाहा मंडळी, ब्रेक पाहा ब्रेक!" लोक विचारायला लागले, पुढचा खेळ किती वाजता?

घरी आई माझ्या केसांतले पोहे वेचता वेचता बाबांवर भडकली. "पोटची पोर सोडून सायकल झेलली तुमी?"

"पोरगी घरचीच हाय," बाबा शांतपणे म्हणाले, "सायकल दुसऱ्याची हाय ना!"

त्याच सायकलवर मी राज्य स्पर्धेत सातवी आले. मी खूश होते, पण बाबांचा चेहरा पडलेला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुई काई चूक नाई माय. मांगून सायकल सोडवणारं कोणी नव्हतं."