देवाच्या वजनाचे पैसे

देव आहे की नाही, हा प्रश्न मला आता पडत नाही. वय झालं की असले प्रश्न गुडघ्यांसारखे दुखायचे थांबतात, किंवा दुखतच राहतात आणि आपण तक्रार करायचं सोडतो. पण एक काळ असा होता की याचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. मी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, दोन वेण्या घालत होते आणि रसायनशास्त्राचं जाडं पुस्तक छातीशी असं धरून चालत होते की समोरच्याला नाव वाचता यावं. अशा मुलीला काय ठाऊक नसतं?

आमचं गाव औसा. लातुरात कॉलेज होतं, तरी मी नांदेडचा हट्ट धरला. कारण मोठं शास्त्रीय सांगितलं होतं, खरं कारण एवढंच की लातुरात शिकले असते तर आमचे अप्पा दर बाजाराच्या दिवशी भाकरी घेऊन कॉलेजच्या फाटकात येऊन बसले असते. डोक्याला रुमाल, कपाळाला विभूती, आणि तोंडानं माझ्या नावाचा पुकारा. मला त्याची लाज वाटायची. अप्पांचं किराणा दुकान होतं. त्या दुकानाच्या भरवशावर त्यांनी एका आडत्याकडून माझ्या शिक्षणासाठी पैसे उचलले होते. दुकान चालतंय तोवर फेडू, हा हिशेब.

मग तो मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ म्हटलं की लोकांना फक्त भेगाळलेली जमीन आठवते. मला आठवतं ते आमचं दुकान. गिऱ्हाईक येत होतं, पण रिकाम्या हातानं. अप्पा कुणाला नाही म्हणू शकले नाहीत. अख्ख्या गावानं त्यांच्याकडून उधार नेलं, आणि त्यांनी आडत्याकडून उधार आणलेलं. एके दिवशी फळ्या लावल्या त्या लागूनच राहिल्या. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आवक नाही, डाळ मिलांचे भोंगे बंद, पैसा म्हणून कुठं दिसत नव्हता. आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दुकानदाराची बायको, जिनं कधी उंबऱ्याबाहेर घागर आणली नव्हती.

हे सगळं मला पत्रातून कळत होतं आणि मी ते वाचून काय करत होते? तर मनिऑर्डर का आली नाही म्हणून रागावत होते.

परीक्षा तोंडावर आली. फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि वसतिगृहाची खानावळ चालवणाऱ्या काकूंनी सगळ्यांसमोर माझं ताट उचलून ठेवलं. "पोरी, तुझ्या बापाचा काळ वाईट हाय हे कळतंय मला. पण माझ्या चुलीला न्हाई कळत." पोरी हसल्या. मी खोलीत येऊन ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेली चांदीची डबी काढली.

ती डबी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं इष्टलिंग येतं. ते डबीत घालून गळ्यात बांधायचं, रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजायचं, त्याशिवाय अन्नपाणी नाही. मरणानंतर तेच लिंग हातात देऊन माणसाला मातीत ठेवतात. दुसऱ्याचं लिंग आपलं होत नाही, आपलं दुसऱ्याचं होत नाही. माझ्या आजोळहून आलेली ती जड चांदीची डबी मी शेवटच्या वर्षासाठी नांदेडला आल्याबरोबर गळ्यातून काढली होती. खोलीतल्या मुली विचारायच्या, हे काय गं, ताईत का? एकदोनदा मी त्यांना काळ्या दगडाची रासायनिक घडणसुद्धा समजावून सांगितली होती. वर्षभरात डबीचं झाकण उघडलं नव्हतं. ते घट्ट बसलं होतं.

सराफाच्या दुकानात तेव्हा बायांची गर्दी असायची. कुणी पाटल्या, कुणी कमरपट्टा, कुणी लेकराच्या पायातले वाळे. माझी पाळी आली तेव्हा सराफ घामाघूम झाला होता. त्यानं झाकण उघडायला बघितलं, उघडलं नाही.

"आत काही नाही ना, बाई?"

"आत काय असणार?" मी म्हणाले. पुस्तक छातीशी होतंच.

त्यानं तशीच डबी तागडीत टाकली. भरपूर वजन भरलं. मला वाटलं, काय जड चांदी आजोळची! डबी गहाण ठेवली, पैसे मिळाले, फी भरली, काकूंची थकबाकी चुकवली, परीक्षा दिली. उत्तरपत्रिकेत स्फटिकांच्या आकृत्या काय सुरेख काढल्या मी!

घरी निघाले तेव्हा बसमध्येच एक थाप तयार केली होती: डबी चोरीच्या भीतीनं वसतिगृहात ठेवलीय. थाप चांगली होती. अव्वा कामावरून आली, हात खडीनं फाटलेले, त्यांना फडकी गुंडाळलेली. माझ्यासाठी तिनं एका तांब्याचं पाणी राखून ठेवलं होतं. मी तोंड, हातपाय धुतले. ती म्हणाली, "लिंग काढ. पूजा कर, मग भाकर खा."

मी थाप मारली.

"डबी ठिवलीस ते बरं केलंस," अव्वा म्हणाली. "चोरट्यांचं दिवस हायत. पन लिंग कुठं हाय?"

आणि तेव्हा, वाचकहो, विज्ञानाच्या पदवीधर होऊ घातलेल्या या शहाणीला प्रथमच कळलं की आपण काय गहाण टाकलं. मला चांदी आठवत होती, फी आठवत होती, व्याजाचा दर आठवत होता. डबीच्या आत डबीचं कारण असतं, हे मेलं आठवलंच नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. अव्वा ओरडली नाही. तिनं माझ्यासमोरची भाकर उचलून टोपल्यात झाकली, स्वतःचीही झाकली. अप्पा म्हणाले, "अगं, तू काऊन उपाशी ऱ्हायलीस? चूक पोरीची हाय."

"लिंग तिच्या गळ्यात मी बांधलंय," अव्वा म्हणाली. "ते येऊस्तोवर घोटभर पानी बी नगं मला."

अप्पांनी गल्ल्यात उरलेली मोड माझ्या ओंजळीत ओतली. तेवढीच होती. पहाटेच्या गाडीनं मी लातूर आणि तिथून नांदेडला निघाले. अव्वा त्याच वेळी घमेलं घेऊन कामावर निघाली, उपाशी, तहानलेली, त्या उन्हाळ्यात. एक दिवस चुकवला तर हजेरी जायची आणि हजेरीवर धान्य होतं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, खिडकीतून नुसता तांबडा फुफाटा येत होता. मी देवाची प्रार्थना केली असं लिहायला छान वाटलं असतं. मी केली नाही. कुणाची करणार? ज्याची करायची तो कुणाच्या तरी तिजोरीत चिठ्ठी बांधून पडला होता. मला वाटत होतं, त्यानं डबी उघडली असेल, दगड बघितला असेल आणि गटारात टाकला असेल. मीसुद्धा हेच केलं असतं.

सराफानं मला ओळखलं. "सोडवायला आलात? मुद्दल आणा, व्याज आणा."

"डबी राहू द्या शेठजी. आतलं तेवढं द्या."

"आत काय असणार?" तो म्हणाला. माझंच वाक्य, माझ्याच सुरात. दुकानातल्या बाया वळून बघू लागल्या. मी उभ्या उभ्या मातीत गेले.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "ती आली का रे? आत पाठव तिला."

सराफाची म्हातारी आई होती ती. वाळलेली, वाकलेली, नाकात मोठी नथ. मला हाताला धरून तिनं देवघरापुढं नेलं. तिच्या देवीच्या, बाळकृष्णाच्या शेजारी एका पितळी ताटलीत माझं लिंग होतं. ओलं होतं. वर एक हिरवं पान.

"पोरानं डबी घासायला म्हणून झाकण तापवलं, तर आत हे," म्हातारी म्हणाली. "आपल्या घरात आलेला देव कोरडा कसा ठेवायचा? मला तुमच्यातली पूजा येत नाही बाई. रोज पळीभर पाणी घालत होते. बेल शोधला, सगळी झाडं वाळलेली. दारातला कडुलिंब तेवढा हिरवा. म्हटलं, रागावला तर रागावला. किती वाट बघायला लावलीस गं त्याला!"

त्या दिवसांत नांदेडच्या त्या गल्लीत पाण्याच्या घागरीवरून बायांची डोकी फुटत होती. त्यातलं पळीभर पाणी ही परक्या धर्मरीतीची बाई रोज माझ्या देवाला देत होती, आणि मी त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, स्फटिकांच्या आकृत्यांचा सराव करत होते.

तिनं लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते गार होतं. पुढं काय करायचं ते मला आठवेना. वर्षभरात हात विसरला होता. मी नुसती बघत राहिले. काही दिसलं नाही, प्रकाश पडला नाही. फक्त बोटं आपोआप त्याच्याभोवती मिटली. एवढंच झालं, आणि त्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सराफ दारात उभा होता. "आई, देऊन टाक, माझं काही म्हणणं नाही. पण ह्याच्या वजनाचे पैसे बाईंनी चांदीच्या भावानं नेलेत. डबी तेवढ्याची नाही. ती रक्कम वेगळी येणं राहील."

"देव तोलायलास का रे मेल्या?" म्हातारी कडाडली.

"मी नाही तोलला. ह्यांनी तोलून घेतला."

खरंच होतं ते. शिक्षणासाठी कर्ज काढणारे खूप बघितले, पण देवाच्या वजनावर कर्ज उचलणारी मी एकटीच असेन. म्हातारीनं गहाणाचे दागिने बांधायच्या तांबड्या फडक्यात लिंग बांधून माझ्या गळ्यात अडकवलं. पाणी पुढं केलं. मी म्हणाले, अव्वा तिकडं बिनपाण्याची आहे. तशी तिनं तांब्या मागं घेतला आणि परतीच्या भाड्याचे पैसे माझ्या मुठीत कोंबले. "मग इथं कशाला उभी? पळ!"

घरी पोचले तेव्हा अव्वा पडवीत पडलेली होती. दुपारी खडीवरच चक्कर येऊन कोसळली होती. मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरीही धरली नव्हती. तिनं उठून बसत माझ्या गळ्यातलं फडकं सोडलं, लिंग उजेडाकडे धरून निरखलं. नीट पुसलेलं, निगा राखलेलं.

"ही सेवा कुनाची हाय?" तिनं विचारलं. "तुजी न्हवं."

मी सांगितलं. अव्वानं नांदेडच्या दिशेला हात जोडले, मग मला पूजा करायला लावली, मग पाणी प्यायली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं हा विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पास झाले. त्या पदवीचं काय झालं, तेही सांगते. काळच असा होता की पदवीधर रस्त्यानं वाहत होते. आडत्याचे पैसे तसेच, सराफाचं व्याज तसंच, आणि मी बी.एस्सी. होऊन अव्वाच्या शेजारी बसून खडी फोडली. दगडाची रासायनिक घडण मला तिथं फार उपयोगी पडली! लग्न झालं, लेकरं झाली, अर्ज करून हात दुखले. मग उस्मानाबादेतून तुटून आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि त्यातल्या एकीत मला कारकुनाची खुर्ची मिळाली. अप्पा तोवर गेले होते, आडत्याचं देणं मागं ठेवून. ते मी आणि आमच्या ह्यांनी पुढं कित्येक वर्षं फेडलं. पण पहिला पगार घेऊन मी गेले ती नांदेडला.

म्हातारी नव्हती. सराफ पिकला होता. डबी कधीच बुडीत धरून आटवली होती, ते त्यानं सरळ सांगितलं. मी देवाच्या वजनाचे पैसे पुढं ठेवले. मला वाटलं, नको म्हणेल. त्यानं मोजून घेतले. मला राग आला, आणि मग हसूही आलं. मी तरी कुठं सोडणारी होते?

निघताना त्याच्या बायकोला म्हटलं, देवघर बघू का? आत त्यांची देवी होती, बाळकृष्ण होता, आणि शेजारी ती पितळी ताटली. रिकामी. तिच्यात कडुलिंबाचं पान, त्याच दिवशीचं, ताजं.

"सासूबाई सांगून गेल्यात," ती म्हणाली. "पाहुणा राहून गेलेली जागा कोरडी ठेवू नये म्हणून."

मी तिथं जमिनीला डोकं टेकलं. कुणापुढं टेकलं ते मला विचारू नका. मी देवाला सोडलं होतं, पण त्यानं मला सोडलं नाही, असं म्हणायची माझी लायकी नाही. मी एवढंच म्हणते की मी ज्याला तागडीत टाकलं, त्याला कुणीतरी पाणी घातलं. माझ्या हातून काही होत नव्हतं तेव्हा माझ्या वाटचं दुसऱ्या कुणाच्या हातून होत होतं. ते मी मागितलं नव्हतं, मला ठाऊकही नव्हतं. तेव्हापासून जे सुटत नाही ते मी त्याच्यावर टाकते आणि आपलं काम करते. कडवटपणा गेला असं नाही. अव्वाचे फडकी बांधलेले हात आठवले की अजून घास फिरतो.

आता नात लातुरात क्लासला आहे. बँकेचं कर्ज काढलंय, मोठा रंगीत कागद दाखवत होती. मी तिच्या गळ्यातलं लिंग जागेवर आहे का ते तेवढं चाचपून बघितलं, तर म्हणते, "आज्जी, गुदगुल्या करू नको."

मी पुन्हा डबी केली नाही. लिंग कापडातच बांधते, तेच माझ्याबरोबर मातीत येईल. सुनेला सांगून ठेवलंय, त्या वेळी बेल मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर वणवण करू नका, दारातल्या कडुलिंबाचं पान ठेवा. त्याला सवय आहे.