आधी पान, मग सार

त्या लहानशा कंपनीत ब्राउझरची कोणतीही नवी आवृत्ती एका बाईंच्या संमतीवाचून उंबरठा ओलांडत नसे. सगळे त्यांना परीक्षकबाई म्हणत. यंत्रांवरच्या चाचण्या आटोपल्या की त्या नवी आवृत्ती घरी नेत, वृद्ध आत्याबाईंपुढे ठेवत आणि स्वतः हात मागे बांधून उभ्या राहत. बोट दाखवायचे नाही, सुचवायचे नाही. असे मौन पाळणे हीही एक तपश्चर्याच.

या खेपेला मात्र कंपनीचे भवितव्यच पणाला लागले होते. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांचे ब्राउझर पान उघडण्याआधीच त्याचे सार सांगू लागले होते आणि लोक तिकडे धावत होते. व्यवस्थापकांनीही तोच मार्ग धरून जाहिरात देऊन टाकली होती. उरली होती ती केवळ बाईंची संमती.

संध्याकाळी आत्याबाईंनी परदेशी राहणारी बालमैत्रीण जिथे आपली खुशाली लिहीत असे, ते पान उघडले. पडद्यावर तीन ओळी उमटल्या : छप्पर दुरुस्त झाले. मांजराला पिल्ले झाली. प्रकृती उत्तम.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "अगं, हिला काहीतरी झालंय!"

"प्रकृती उत्तम म्हणतेय ना?" परीक्षकबाईंच्या तोंडून निघून गेले.

"म्हणूनच तर! एवढ्यात आटपणारी बाई आहे का ती? नुसत्या मांजराला हिला चार पानं लागतात. लपवतेय काहीतरी. फोन लाव!"

पलीकडून मैत्रीण कडाडली, "मेले, सगळं वाचलंस तरी का? सुतार शिडीवर अडकला, ते लिहिता लिहिता माझी बोटं दुखली!"

दुसऱ्या दिवशी परीक्षकबाईंनी संमती नाकारली.

व्यवस्थापक वैतागले. "एका आत्याबाईंच्या गैरसमजापायी सगळ्यांना वेठीला धरायचं?"

"साराशी माझं वैर नाही, साहेब. मागितल्यावर जरूर द्या. न मागता पुढे केलं, की वाचणाऱ्याला ते लिहिणाऱ्याचंच बोलणं वाटतं."

"बाजार थांबत नाही, बाई."

"नका थांबवू. पण दार उघडल्यावर आधी घरधनी भेटू दे, भालदार मागाहून."

"आणि जाहिरात?"

"ती बदलता येते. गेलेला विश्वास कुठून आणायचा?"

 शेवटी कुरकुरतच साहेबांनी आदेश दिला : प्रथम पान, आणि सारासाठी कोपऱ्यात एक कळ.

आवृत्ती उशिरा निघाली. काही ग्राहक गेले ते परतले नाहीत. एका समीक्षकाने या ब्राउझरला सरळ मागासलेला म्हटले. जो तो वेगाच्या मागे धावत असताना दुसऱ्याचे शब्द अक्षत पोहोचवण्यासाठी अडून बसणे, याला धैर्य लागते. आणि त्याची किंमत कोणालाही चुकत नाही.

परीक्षकबाईंनी ती टीका अथपासून इतिपर्यंत वाचली. कळ दाबल्यावर सार यायला फार वेळ लागतो, ही एक तक्रार त्यांना रास्त वाटली. पदर खोचून त्या तिच्यामागे लागल्या.