गॅरेजमधला गालिचा

माझा भाऊ ड्वेन कोस्केला याला आयुष्यात दोनच गोष्टी धड जमल्या, आणि दोन्हींत कशाला ना कशाला मारावं लागतं. तरुणपणी तो बर्फावरची हॉकी खेळायचा. खेळायचा म्हणजे काय, संघानं त्याला गोल करायला घेतलंच नव्हतं. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला की हातमोजे बर्फावर टाकायचे आणि त्या माणसाचं नाक फोडायचं, एवढंच त्याचं काम. त्याचे पैसे मिळत, वर लोक उभं राहून टाळ्या वाजवत. आमची आई रेडिओ ऐकत विणायला बसायची आणि मधेच म्हणायची, "आज जिंकला वाटतं." ती सामन्याबद्दल बोलत नसायची.

गुडघा गेला, हॉकी सुटली आणि तो इथल्याच लोखंडाच्या खाणीत ट्रकदुरुस्तीला लागला. टाळ्या थांबल्या, मुठी थांबल्या नाहीत. बारमध्ये मारामारी, हॉकीच्या पार्किंगमध्ये मारामारी, एकदा तर मामाच्या मयतानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालू असताना मारामारी. लोक बटाट्याची ताटं घेऊन भिंतीला चिकटून उभे होते. मी त्याची मोठी बहीण, अंगणापलीकडच्या घरात राहते, तेव्हा प्रत्येक खेपेला पहिला फोन मलाच.

दुसरा फोन मार्लीसला. मार्लीस त्याची बायको, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. कमी बोलते, पण बोलते ते करते. तिच्यावर त्यानं कधी हात उचलला नाही. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, जणू त्यासाठी कुणी त्याला बक्षीस द्यायचं राहून गेलंय. पण त्यांच्या फ्रिजच्या दाराला मोठा पोचा आहे आणि जिन्याजवळच्या भिंतीत मुठीएवढं भोक. ते पडलं तेव्हा मार्लीस त्याच भिंतीला टेकून उभी होती. नंतर तिनं त्यावर कॅलेंडर लावलं. रक्ताचा शर्ट थंड पाण्यात भिजवायचा, गरम पाण्यानं डाग बसतो, हे मला तिनंच शिकवलं. असलं ज्ञान बाईला उगाच येत नाही.

चाळिशी उलटल्यावर खाणीतल्या कुणीतरी त्याला गोल्फला नेलं आणि ड्वेनला स्वर्गच सापडला. चेंडू गवतात गप्प पडून असतो, उलटून बोलत नाही, आणि जीव खाऊन त्याला हाणलं तर लोक वाहवा करतात. पोलीस येत नाहीत. गावच्या मैदानावर त्याच्याइतका लांब चेंडू कुणी मारत नसे. काही वर्षं खरंच बरी गेली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग गेल्या ऑगस्टमध्ये क्लबच्या स्पर्धेत रूडी प्रेबिच त्याच्या जोडीला आला. रूडीचं टायरचं दुकान आहे आणि जीभ अशी की टायरपेक्षा जास्त फिरते. शेवटच्या भोकाशी उंच गवतात ड्वेनचा चेंडू पडला होता. रूडी सगळ्यांसमोर म्हणाला, "ड्वेन, बुटानं चेंडू हलवलास तू. मी बघितलं." गोल्फमध्ये ही सरळ चोरी. ड्वेननं काठी खाली ठेवली, व्यवस्थित ठेवली, आणि रूडीचा जबडा मोडला. चेंडू हलवला होता का, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर विचारायची कुणाची छाती झाली नाही.

क्लबनं त्याला मे महिन्यापर्यंत बंदी घातली. ते सोडा. पोलीस ठाण्यातून घरी आणताना मार्लीस गाडी चालवत होती, मी मागे बसले होते. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आणखी एकदा कुणावर हात उचललास, तर मी डुलुथ शहरात बहिणीकडे जाईन. परत येणार नाही. समजावणं नाही, माफी नाही, काही नाही."

"बरं," ड्वेन म्हणाला.

"बरं काय?"

"नाही उचलणार."

आणि खरं सांगते, नाही उचलला. आमच्याकडे ऑक्टोबरात बर्फ पडतं ते एप्रिल संपेतो हलत नाही. बाकीचे गोल्फवाले काठ्या माळ्यावर टाकून मासेमारीला जातात. काही जण पहिले दोन आठवडे मोठ्या हौसेनं घरात सराव करतात, नाताळ आला की ढेकर देत सोफ्यावर पडतात. ड्वेननं गॅरेजच्या मागच्या भिंतीसमोर, आढ्याला, आईच्या बैठकीतला जुना जाडजूड गालिचा टांगला. त्यावर खडूनं एक गोल काढला. मी विचारलं, "एवढ्या वर कशाला? चेंडू तर खालून जातो."

"निशाणा आहे."

"कसला निशाणा?"

त्यानं खडू खिशात टाकला. मी त्या गोलासमोर उभी राहिले तर तो माझ्या कपाळाशी आला. रूडी माझ्याहून वीतभर उंच आहे. मग कळलं, गोल रूडीच्या जबड्याच्या उंचीवर होता. लोकांना हिवाळ्यात उमेद कशी टिकवायची हा प्रश्न पडतो. ड्वेनला पडला नाही. त्याची उमेद तिथे खडूनं आखून ठेवली होती.

रोज खाणीतून आला की ओव्हरकोटसकट गॅरेजमध्ये. चेंडू मोज्यात भरून साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेगडीजवळ ऊब द्यायचा, कारण गारठलेला चेंडू हाताला झिणझिण्या आणतो. मग धप्. धप्. धप्. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. जेवण झालं की घरातल्या बोळात चेंडू हळूच ढकलून आडव्या ठेवलेल्या कॉफीच्या कपात घालायचा सराव. मार्लीस धुतलेले कपडे घेऊन त्याच्यावरून ओलांडून जायची. आरशासमोर काठी फिरवताना त्यानं झोपायच्या खोलीतला दिवा फोडला, तर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नवा घेऊन आला. हे असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

गावानं काही त्याला सुखानं राहू दिलं नाही. रूडीचे भाऊ बारमध्ये मुद्दाम बूट पुढे करायचे आणि म्हणायचे, "बघ हं ड्वेन, माझा पाय हलला का?" तो बिअर अर्धी सोडून उठायचा. घरी यायचा आणि धप्, धप् सुरू. एकदा त्याचे तळहात फाटून काठीला रक्त लागलेलं मी पाहिलं. मी म्हणाले, "अरे, पट्टी तरी बांध." तर हसून म्हणाला, "आर्डिस, हे माझंच रक्त आहे. बदल म्हणून बरं वाटतं." मार्लीसही त्या दिवसांत जरा मोकळी झाली होती. पाय अवघडतील म्हणून तिनं गॅरेजमध्ये त्याच्यासाठी रबरी चटई टाकली होती.

फेब्रुवारीत मधेच ऊब आली. असं होतं कधी कधी, चार दिवस छपरावरून पाणी गळतं आणि लोक खुळ्यासारखे सदऱ्यावर फिरतात. त्या चार दिवसांत खाणीत मोठं यंत्र बिघडलं म्हणून ड्वेन जादा पाळ्या करत होता, गॅरेजमध्ये गेलाच नाही. छपराचं पाणी आढ्यावरून उतरून त्या गालिच्यात मुरत राहिलं. मग एका रात्रीत थंडी परत आली, तीही अशी की झाडं तडकली. गालिचा भिजला होता तसाच्या तसा गोठला आणि मागच्या सिमेंटच्या भिंतीला चिकटून बसला. दिसायला पूर्वीसारखाच. खडूचा गोलसुद्धा होता.

रविवारी दुपारी रूडी तळ्यावरून मासेमारी करून परतत होता. पोटात बरीच गेली होती. ड्वेनच्या गॅरेजचं बाजूचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला. ड्वेन इतक्या दिवसांनी तेव्हाच पहिला चेंडू मांडत होता. पुढचं मी पाहिलं नाही. ड्वेननं सांगितलं ते सांगते.

"काय रे, गालिचे धोपटतोस? आमच्याकडचाही एक आणू का?" रूडी म्हणाला.

"घरी जा, रूडी."

"एवढं तरी सांग. चेंडू हलवला होतास ना? आता कोण आहे इथे ऐकायला?"

"मागे सरक. मी मारतोय."

रूडी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं बूट पुढे सरकवला. ड्वेन म्हणतो, त्या क्षणी त्याला काठी कुठे मारायची होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं सगळ्यात लांब काठी घेतली, गोलाकडे बघितलं आणि होता नव्हता तो सगळा राग चेंडूत घातला. धप् झालं नाही. फाडकन आवाज झाला, चेंडू त्याच्या कानाजवळून मागे गेला आणि रूडी खाली बसला. जबडा तोच, डावीकडचा. चटईवर दात पडले होते.

मी खिडकीतून पाहिलं ते हे: ड्वेन रूडीला खांद्यावर टाकून गाडीकडे नेतोय आणि त्याच्या पाठीवरून रक्त वाहतंय. मी टेबलाशी बसून डोकं धरलं. मनात म्हटलं, झालं, केलंन शेवटी.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं रूडीला विचारलं, "हे ड्वेननं केलं का?" रूडीला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली, हो. दुष्ट माणूस. मार्लीस त्या दिवशी कामावरच होती. स्वयंपाकघरातून वर आली तेव्हा तिनं ती हललेली मान पाहिली. एप्रन काढून ठेवला आणि घरी आली. मी गेले तोवर तिची बॅग भरून दाराशी होती, कोट अंगात होता आणि गाडी गरम व्हायला चालू करून ठेवली होती.

"मी नाही मारलं," ड्वेन म्हणत होता. "मार्लीस, गालिच्यानं मारलं. चेंडू गालिच्यावरून उलटा आला."

"गालिच्यावरून." मार्लीस हसली. "ड्वेन, मऊ गालिच्यावरून? आजवर निदान खोटं तरी बोलत नव्हतास."

"आर्डिस, तू सांग तिला."

"मी काय सांगू? मी काय पाहिलंय?" मी म्हणाले. माझाही विश्वास नव्हता. चिडले होते मी.

तो आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. या." आणि गॅरेजमध्ये गेला. आम्ही घराकडच्या दारात उभ्या राहिलो. दिवा लावला, चटईवरचं रक्त अजून तसंच होतं. त्यानं चेंडू ठेवला आणि मारला.

गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. चेंडू त्याच्या कमरेजवळून गेला, कोपऱ्यातल्या डीप फ्रीजरवर आदळला आणि जमिनीवर गरगरत राहिला. मी तोंडावर हात ठेवला. बिचारा खरं बोलत होता. सबंध हिवाळा त्यानं शब्द पाळला होता आणि आम्ही सख्ख्या माणसांनी त्याला खोट्यात काढलं होतं. मार्लीसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "पटलं, ड्वेन. पटलं मला."

त्यानं दुसरा चेंडू ठेवला.

तो त्याच्या नडगीवर आला. ड्वेन कळवळला, त्यानं शिवी हासडली आणि तिसरा ठेवला. तिसऱ्यानं खिडकीची काच फुटली. "बघ," तो म्हणाला, "बघ, बघ." मार्लीस मोठ्यानं म्हणाली, "ड्वेन, मी बघितलं. मला पटलंय." पुढचा त्याच्या भुवईवर बसला, कातडी फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. त्यानं बाहीनं पुसलं आणि आणखी एक ठेवला. मी त्याचा चेहरा बघत होते. तो मी हॉकीच्या मैदानात बाकावर बसून शेकडो वेळा पाहिला होता. समोर माणूस आहे की चेंडू, याच्याशी त्या चेहऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. एक चेंडू आम्हा दोघींच्या मधून गेला आणि दाराच्या चौकटीची ढलपी उडाली. मी किंचाळले. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांब," मार्लीस म्हणाली. आता ओरडली नाही, हळूच म्हणाली. "ड्वेन, थांब ना."

त्यानं चेंडू ठेवला.

तेव्हा तिनं बॅग उचलली. डोळे पुसले, माझा दंड एकदा दाबला आणि घरातून पुढच्या दारानं निघून गेली. मी तिला अडवलं नाही. अडवून काय सांगणार होते? गाडी रस्त्याला लागल्याचा आवाज आला, तरी गॅरेजमध्ये फाडफाड चालूच होतं. शेवटी एक त्याच्या तोंडावर बसला आणि तो चटईवर खाली बसला. पुढचे दात गेले होते. हॉकीतून वाचलेले तेवढेच होते त्याचे.

मी टॉवेल नेऊन त्याच्या तोंडाला लावला. तो मला टाळून दाराकडे बघत होता.

"आता पटलं ना तिला?"

"पहिल्याच चेंडूला पटलं होतं रे," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. "तिनं सांगितलं तुला. तीनदा सांगितलं."

ड्वेन टॉवेलमधून श्वास घेत राहिला. रक्त पुसून काढलं की खालून आमचा लहानपणचा ड्वेनच दिसत होता.

"मग गेली कशाला?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.