तोंडाला फेस असताना विचारलेला प्रश्न

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांना ख्रिस्ती व्हायचं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कधी व्हायचं, हे मात्र खुद्द दादांनाही ठाऊक नव्हतं. चर्चमधला मागचा बाक त्यांनी बसून बसून गुळगुळीत केला होता, पण बाप्तिस्म्याची तारीख ठरली की नेमकी त्यांची कंबर धरायची.

"बाप्तिस्म्याला कंबर लागत नाही हो," बायको म्हणायची, "डोकं लागतं. ते आहे का बघा."

तिची हरकत काहीच नव्हती. नवरा एकदाचा इकडचा नाहीतर तिकडचा झाला की सुटले, एवढंच तिचं म्हणणं.

फादर दर शनिवारी दाढीला येत. दादा गालभर फेस चढवत, वस्तरा गळ्यापाशी नेत आणि मग हळूच विचारत, "फादर, त्या समोरच्याला माफ करावंच लागेल का?" गळ्यावर वस्तरा असताना कोण बोलणार? फादर नुसतं "अं" करत. दादा म्हणत, "हलू नका, कापेल." तोंड पुसून होईपर्यंत विषय भाजीच्या भावावर गेलेला असे.

समोरचा म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. दोघं वडिलांच्या हाताखाली एकाच आरशापुढे शिकले. वडील गेल्यावर धाकट्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं आणि गिऱ्हाईक ओढायला गावभर सांगत सुटला, "दादाचा हात जड झालाय. गाल सोलून निघतो." तेव्हापासून दोघांत अबोला. दिवसभर उभं राहून दादांच्या पोटऱ्यांत गोळे येत, डोळे मिटत. पण समोर नजर गेली की राग चढे आणि त्या रागावर दुपार निघे. राग सोडला तर उभं राहायचं कशाच्या जोरावर?

पुन्हा एकदा तारीख ठरली. आदल्या दिवशी, शनिवारी, फादर आले ते दाढी करूनच. खुर्चीत ऐसपैस बसले.

"समोर केली," ते म्हणाले. "आज माझं तोंड मोकळं आहे. विचारा."

दादांचा चेहरा असा पडला, जणू फादरांनीच धर्म बदलला.

"तुम्हीसुद्धा, फादर?"

"विचारा हो."

दादांनी उगाच कंगवा पुसला. "माफ करावंच लागेल?"

"हो."

"मनापासून?"

"सुरुवात तोंडदेखली केलीत तरी चालेल. तुमच्या मनाची वाट बघत मी म्हातारा झालो."

दादांची नजर फादरांच्या गळ्यावर गेली. हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं होतं. कानाशी केस तसेच राहिले होते. धाकट्याच्या हातून? त्याचा हात तर लोण्यासारखा फिरायचा.

"हात थरथरतो त्याचा?"

"फार. लपवतो बिचारा."

इतक्या वर्षांनी दादा जिंकले होते. आता दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ओरडून सांगायला हरकत नव्हती. पण त्यांना नुसताच शीण आला, स्टुलावर बसून राहावं असा. बसले थोडा वेळ. मग उठून रस्ता ओलांडला.

धाकटा एका गिऱ्हाइकाच्या गालापाशी वस्तरा धरून उभा होता. तो खाली गळ्यावर आणायचं धाडस होत नव्हतं.

"दे इकडे," दादा म्हणाले.

"दादा, मी करतो ना..."

"गप्प बस. माणसाचा गळा आहे तो."

धाकट्याने वस्तरा दिला. गिऱ्हाइकाने डोळे घट्ट मिटून घेतले. दोघा भावांच्या मधे सापडल्यावर दुसरं काय करणार?

संध्याकाळी दादा गरम पाण्यात पाय सोडून बसले होते.

"भावाला माफ केलंत म्हणे," बायको म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"अख्खी गल्ली."

"मला नाही माहीत बाई. एक दाढी केली फक्त."

"मग उद्या चर्चला जाताय ना? तारीख आहे."

दादांनी डोळे मिटले. "फादरांना निरोप दे, उद्या जमत नाही. रविवारी धाकट्याकडे गर्दी असते. एकट्याला झेपायची नाही."