गेल्या वर्षीचं नंबर एकचं गाणं

आज सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर खेळ रंगला. देशात एकेकाळी नंबर एकवर असलेल्या गाण्याचा तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी वर्ष ओळखायचं.

मी सगळी वर्षं बरोबर सांगितली. मित्र म्हणाले, तुझी स्मरणशक्ती लई भारी. तसं काही नाही. राहुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. एखादं तरुण पोरगं गेलं की त्याचे मित्र फोटो घेऊन येतात. स्टेटसला श्रद्धांजलीचा व्हिडिओ हवा असतो आणि मागे त्याचं आवडतं गाणं. ते बहुतेकदा त्या वर्षी सगळीकडे वाजणारंच असतं. मला गाण्यावरून चेहरा आठवतो आणि चेहऱ्यावरून वर्ष.

दुपारी एक नवरा-बायको आले. त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला, आता वर्षश्राद्ध आहे. तेव्हाचा व्हिडिओ मीच केला होता. सवयीनं मी नव्या व्हिडिओला सध्याचं नंबर एकचं गाणं लावून दाखवलं.

आई म्हणाली, "हे नगं, दादा. हे गानं त्यानं ऐकलेलंच न्हाई. मागलंच लावा."

मी जुनं लावलं. पहिल्याच ओळीला वडील उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं शेवटपर्यंत पाहिलं आणि ती म्हणाली, "परत लावा."

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, यंदाचं नंबर एक कुठलं ठरणार? मी फोन उलटा ठेवला. वर्ष अजून संपायचंय, अजून कुणाकुणाचे फोटो येतील कुणास ठाऊक.

खरं सांगा, तुमच्या घरात आहे का असं एखादं गाणं, जे लागलं की कुणीतरी उठून बाहेर जातं?